चाकांतील हवेचा दाब

मागच्या उन्हाळ्यात एक मध्यमवयीन गृहस्थ दवाखान्यात आले. कपाळावर पट्टी आणि चेहऱ्यावर अपराधी भाव. त्यांच्या मातोश्री माझ्या जुन्या रुग्ण. वय ऐंशीच्या पुढे, हाडे ठिसूळ झालेली, मणक्याचा एक अस्थिभंग आधीच होऊन गेलेला. ‘प्रवासात त्यांना धक्के बसू देऊ नका,’ असे मीच बजावले होते. मुलाने ते मनापासून पाळले. गाडी मऊ चालावी म्हणून चारही टायरांतील हवा त्यांनी मुद्दाम कमी करून घेतली. बत्तीसच्या जागी बावीस. पुढे भर दुपारी, महामार्गावर, गाडीत पाच माणसे आणि सामान असताना मागचा टायर फुटला आणि गाडी दुभाजकाला घासत जाऊन थांबली. आजींनी मागच्या आसनावरही पट्टा लावला होता, म्हणून त्या बचावल्या.

‘डॉक्टर, धक्के नकोत असे तुम्हीच म्हणाला होतात ना?’ ते म्हणाले. मला उत्तर सुचेना. धक्के नकोत हे मी सांगितले, पण ते कसे टाळावेत हे सांगायला विसरलो होतो. या लेखामागे त्या विसरण्याची थोडी भरपाई आहे.

हवा कमी असली की टायर फुटतो, हे अनेकांना उलटे वाटते. फुगा जास्त फुगवला तर फुटतो, मग कमी हवेचा टायर का फुटावा? गाडीचे वजन टायरचे रबर फारसे पेलत नाही, आतील हवा पेलते. हवा कमी झाली की टायरची बाजूची भिंत दर फेऱ्याला अधिक दबते आणि पुन्हा सरळ होते. एखादी तार हातात धरून पुनःपुन्हा वाकवली की ती गरम होते, तसेच हे. वेग जितका अधिक, तितक्या या घड्या अधिक. त्यात वैशाखातील तापलेला रस्ता आणि भरलेली गाडी यांची भर पडली की रबर आणि आतील धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. शेवटी एका क्षणी टायर फाटतो. समृद्धी महामार्गासारख्या सिमेंटच्या लांबलचक रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. गावात महिनोन्‌महिने तक्रार न करणारा टायर तिथे तासाभरात उघडा पडतो. २०२३ मध्ये या महामार्गावर परिवहन विभागाने टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या, त्यामागे हेच कारण होते.

हवा जास्त भरणेही बरे नव्हे. मग टायरचा मधलाच भाग रस्त्याला टेकतो, तोच झिजतो, ब्रेक लावल्यावर गाडी उशिरा थांबते आणि प्रत्येक खड्डा थेट कण्यापर्यंत पोहोचतो. ठिसूळ हाडांच्या माणसाला धक्के कमी बसावेत असे वाटत असेल, तर हवा नेमकी ठेवावी, वेग कमी ठेवावा, गतिरोधकाच्या आधीच गाडी हळू करावी आणि त्यांना पुढच्या आसनावर बसवावे. मागचे आसन मागच्या चाकांच्या जवळपास वर असते, त्यामुळे तिथे उसळी अधिक जाणवते. पट्टा मात्र कुठेही बसले तरी हवाच.

आता हवा नेमकी किती? पेट्रोल पंपावर मुलगा विचारतो, ‘किती टाकू?’ आणि आपण सवयीने ‘तीस-तीस’ म्हणतो. आपल्या गाडीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी तो वेगळा असू शकतो, आणि भरलेल्या गाडीसाठी बहुधा अधिक असतो. मोटारीच्या टायरवर जो आकडा कोरलेला असतो, तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तो आपल्या गाडीसाठीचा सल्ला नव्हे. ही गल्लत मी सुशिक्षित घरांतही पाहिली आहे.

दुसरी गल्लत मोजण्याच्या वेळेची. जिना चढून आलेल्या रुग्णाचा रक्तदाब आम्ही लगेच मोजत नाही, पाच मिनिटे बसू देतो. टायरचेही तसेच आहे. चालून तापलेल्या टायरमधील हवा प्रसरण पावलेली असते, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. छापलेला आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी तीनेक तास उभी राहिल्यानंतरचा असतो. तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडली, तर सकाळी तो टायर कमी हवेचा झालेला असतो. तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने बदलले की दाब साधारण एक पॉइंट बदलतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात बरोबर भरलेली गाडी पौषातल्या थंडीत सकाळी कमी दाखवते. शिवाय टायर कितीही चांगला असला तरी महिन्याकाठी पॉइंटभर हवा हळूहळू निघून जाते. नायट्रोजनचा आग्रह धरणारे भेटतात. वापरायला हरकत नाही, पण साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि पंपावरील साधी हवा फुकट मिळते. मी साधीच भरतो.

जाता जाता एक गंमत. हवेचा टायर व्यवहारात रूढ करणारे जॉन बॉईड डनलॉप हे अभियंते नव्हते. ते बेलफास्टमधील पशुवैद्य होते. लहान मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर कमी आदळावी म्हणून त्यांनी चाकांना हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. म्हणजे या शोधाची सुरुवातच घरच्या माणसाला धक्के बसू नयेत या काळजीतून झाली.

ज्येष्ठांच्या घरातील गाडीचे एक खास दुखणे असते. ती चालत नाही. भाजी, देऊळ, बँक आणि महिन्यातून एकदा डॉक्टर. ‘टायर अगदी नवे आहेत हो, वीस हजारसुद्धा झाले नाहीत,’ असे अभिमानाने सांगितले जाते. पण रबराचे वय किलोमीटरवर ठरत नाही. उभ्या गाडीचा टायरही उन्हाने आणि हवेने कडक होतो, त्याला बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार अंक असतात. २३१८ असे असेल, तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. अनेक वाहन-उत्पादक सहा वर्षांनी टायर बदलण्याचा सल्ला देतात. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांपलीकडे तो वापरू नये, असे टायर बनवणारेही सांगतात. मुले परगावाहून येतात आणि चार महिने उभी असलेली आजोबांची गाडी काढून सरळ तीनशे किलोमीटर निघतात, हा प्रसंग मला सर्वांत धोक्याचा वाटतो. निघण्यापूर्वी स्टेपनीसुद्धा पाहावी. डिकीत पडून असलेल्या स्टेपनीतील हवाही उडून गेलेली असते, आणि हे कळते ते नेमके रस्त्याच्या कडेला.

नक्षीबद्दल थोडक्यात. मोटारीच्या टायरवरील खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, दुचाकीची ०.८, असा आपला नियम आहे. मोटारीच्या खाचांच्या तळाशी रबराचे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसाळ्यात खाच पाणी बाहेर फेकते. गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगतो आणि मग ना ब्रेक ऐकतो ना स्टिअरिंग. टायरच्या बाजूला फुगा आला असेल, तर आतील धागे तुटले आहेत असे समजावे. त्यावर पंक्चरचा उपाय चालत नाही.

नव्या गाड्यांत समोरच्या फलकावर घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह असा पिवळा दिवा लागतो. अमेरिकेत २००८ पासूनच्या सर्व मोटारींत तो सक्तीचा आहे, त्यामुळे मुलांकडे जाऊन आलेल्या अनेक आजी-आजोबांनी तो पाहिलेला असतो. तिथल्या नियमानुसार तो दाब पंचवीस टक्के घटल्यावर लागतो. तोवर टायर बऱ्यापैकी उपाशी असतो. दिवा आहे म्हणून मोजणे सोडू नये.

आमच्या भागात उसाच्या हंगामात रात्रभर ट्रॉल्या धावतात. ट्रॅक्टरची निगा मालक पोटच्या पोरासारखी राखतो, पण ट्रॉलीला असतात कुठून कुठून आणलेले जुने टायर, दोन चाके दोन तऱ्हेची. तिला इंजिन नाही, त्यामुळे तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. या वागण्यावर मी पुष्कळ टीका करीत असे. पण माझ्याच घरात इंजिन नसलेले एक वाहन होते आणि त्याकडे मीही पाहिले नव्हते.

वडिलांना पक्षाघातानंतर चाकाची खुर्ची घेतली, त्याला दोन वर्षे झाली होती. काही दिवस आई म्हणत होती, ‘अरे, खुर्ची ओढायला जड झाली आहे, आणि एका बाजूला जाते.’ तिचा खांदा आणि मनगट दुखत होते. मी तिला वेदनाशामक गोळ्या दिल्या. एका सकाळी वडील पलंगावरून खुर्चीवर बसत असताना, ब्रेक लावलेला असूनही, खुर्ची मागे सरकली. ते खाली बसले. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते पूर्वीसारखे उभे राहू शकले नाहीत.

खुर्ची दुरुस्त करणाऱ्याने मागचे टायर बोटाने दाबून दाखवले. सायकलसारखीच वालट्यूब आणि सायकलसारखाच टायर. बहुतेक खुर्च्यांचा ब्रेक म्हणजे एक दांडी, जी टायरच्या रबरावर दाबून बसते. हवा कमी झाली की टायर आत दबतो, दांडी त्याला नुसती टेकते आणि चाक फिरत राहते. ब्रेकमध्ये दोष नव्हता, हवा कमी होती. आईच्या खांदेदुखीचे कारणही तेच. तपासायचे होते ते मी तपासलेच नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी खुर्ची आहे, त्यांच्यासाठी एवढे सविस्तर. मोटारीच्या उलट, खुर्चीच्या टायरवर कोरलेला दाबच पाळायचा असतो. हवा हातपंपाने भरावी. पंपावरच्या जोरदार हवेने एवढी लहान ट्यूब क्षणात फुटू शकते. अंगठ्याने जोरात दाबल्यावर टायर जेमतेम दबावा, आणि दोन्ही चाके सारखीच कडक असावीत. मग रिकाम्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावून तिला मागून ढकलून पाहावे. चाक घसरत पुढे गेले तर चालेल, पण फिरता कामा नये. भरीव रबराच्या चाकांना हवा लागत नाही, तरी रबर झिजले की दांडी आणि चाक यांत तसेच अंतर पडते. तिथे दांडीचा स्क्रू सैल करून ती पुढे सरकवून घ्यावी लागते. हे काम सायकलवालाही करून देतो. पुढच्या छोट्या चाकांत केस आणि दोरे गुंतलेले असतात, तेही काढावेत.

मोटारीची हवा पंधरा दिवसांतून एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी पाहिली तरी पुरते. त्यासाठी हे पाक्षिक घरी येण्याचा दिवस सोयीचा आहे. खुर्ची मात्र दर आठवड्याला. आमच्याकडे रविवारी सकाळी, वडिलांची दाढी झाल्यावर, आई पंप काढते आणि मी हवा भरतो. चाक दाबून पाहण्याचे काम वडील स्वतः करतात. चांगल्या हाताने.