यंत्राच्या आत (भाग ९) : कोऱ्या संगणकासाठी थरांची इमेज

कोलकात्यात बरानगरला, प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ साली इंग्लंडहून एचईसी-२एम हा संगणक आणला. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम नव्हतीच. १,०२४ शब्द मावणारा चुंबकीय ड्रम, पंचकार्डं आणि यंत्रभाषेतला प्रोग्राम, एवढाच संसार. काम बदललं की कार्डांची गड्डी बदलायची. ‘हेच सगळ्या यंत्रांवर कसं बसवायचं?’ असा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. यंत्र एकच होतं.

आज त्याच शहरातल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस कोरे संगणक येतात, असं समजू. सोपा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. एक संगणक नीट लावायचा आणि त्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, उरलेल्यांवर उतरवायची. पहिल्या दिवशी हे झकास चालतं. पुढच्या वर्षी दहा संगणक वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचे येतात, ब्राउझर जुना होतो, आणि तो अगडबंब गोळा पुन्हा मुळापासून बनवावा लागतो. ज्याने बनवला तो तोवर नोकरी सोडून गेलेला असतो. आत काय काय घातलंय, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून थर. २००० साली क्लाउस क्नॉपर यांच्या नॉपिक्सने सुमारे दोन जीबीची लिनक्स प्रणाली दाबून ७०० एमबीच्या सीडीत बसवली. त्यातूनच निघालेल्या मॉर्फिक्सने तिचे तुकडे पाडले : खाली पाया, त्यावर मुख्य मॉड्यूल आणि हवी तशी छोटी मॉड्यूल. आज ही सोय लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे. स्क्वॉशएफएस (२००९ पासून) प्रत्येक थर दाबून फक्त वाचण्यापुरता ठेवतं. ओव्हरलेएफएस (२०१४ अखेरपासून) हे थर ट्रेसिंग पेपरसारखे एकावर एक ठेवतं, आणि वापरणाऱ्याला वरून एकच चित्र दिसतं.

यात एक गोम आहे. वरच्या थरात बसून खालची फाइल ‘डिलीट’ केली, तरी ती जागेवरच राहते. वर फक्त ‘ही दाखवू नका’ अशी खूण पडते. इमेज हलकी करायला निघालेली मंडळी इथे हमखास फसतात.

पण खरी अक्कल लागते ती काप कुठे घ्यायचा हे ठरवताना. फॉन्ट एका थरात, कीबोर्ड दुसऱ्यात, शब्दकोश तिसऱ्यात, अशी प्रकारवार मांडणी कागदावर देखणी दिसते. कोलकात्याच्या लॅबमध्ये ती अडखळते. बंगालीतलं ‘खंड त’ हे अक्षर घ्या. २००५ पर्यंत युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा क्रमांक नव्हता. त, हसंत (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून ते लिहिलं जाई. युनिकोड ४.१ ने त्याला वेगळा क्रमांक दिला. आता नवा कीबोर्ड आणि जुना फॉन्ट एकत्र आले, तर अक्षराच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. शब्दकोश जुना असेल तर बरोबर लिहिलेल्या शब्दाखालीही लाल रेघ. (‘वाऱ्यावर’मधला अर्धा र पडद्यावर मोडलेला पाहिलेल्या मराठी वाचकाला हे दुखणं नवं नाही.) तेव्हा फॉन्ट, कीबोर्ड, शब्दकोश आणि अनुक्रम लावण्याचे नियम मिळून बंगालीचा एकच थर करावा, असं माझं मत. जे एकत्र बदलतं ते एकत्र ठेवावं. ड्रायव्हर मात्र वेगळे, कारण ते संगणकाच्या खरेदीबरोबर बदलतात.

काही गोष्टी मात्र कुठल्याच थरात नकोत. लिनक्समध्ये प्रत्येक संगणकाचा मशीन-आयडी वेगळा असावा लागतो. तो इमेजमध्ये राहून गेला की चाळीसही संगणक एकाच ओळखीने वावरतात. काही प्रणाली नेटवर्ककडे पत्ता मागताना याच आयडीवरून स्वतःची ओळख सांगतात; मग दोन संगणकांच्या हाती एकच पत्ता पडतो, आणि दोष दिला जातो केबलला. एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची सोय; तिच्यात संगणकाची ओळख पटवणाऱ्या यजमान-किल्ल्यांचंही तेच : एका संगणकावरून किल्ली चोरीला गेली की बाकीच्या एकोणचाळिसांचं सोंग घेता येतं. म्हणून इमेज बंद करण्याआधी आयडीची फाइल रिकामी करायची आणि किल्ल्या पुसायच्या. प्रत्येक संगणक पहिल्यांदा सुरू होताना आपापली नवी जोडी बनवून घेतो. किल्ल्यांसाठी काही प्रणालींत तशी आज्ञा मुद्दाम लावून ठेवावी लागते.

पुढच्या आठवड्यात : हे थर पेनड्राइव्हशिवाय, नेटवर्कवरून संगणकात कसे उतरतात.