आईला शाब्बास कोण म्हणणार?

नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. २ तारखेला, रविवारी रात्री आपल्या मुलींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला. आमच्या बार्शीतल्या गल्लीत मध्यरात्रीनंतर फटाके वाजत होते. समोरचे काका तर गॅलरीत उभे राहून ‘शाब्बास पोरींनो, शाब्बास!’ असं ओरडत होते. स्मृती मानधना आमच्या सांगलीची, त्यामुळे मलाही माहेरचंच कुणी जिंकल्यासारखं झालं होतं.

त्याच आठवड्यात माहेराहून आईचा फोन आला. माझं माहेर तासगावजवळच्या एका खेड्यात. अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ते गेल्यापासून आईला कुटुंब पेन्शन मिळते आणि दरवर्षी नोव्हेंबरात बँकेत जाऊन ‘मी हयात आहे’ असं सांगून यावं लागतं. पुण्याहून दादा येतो, गाडीतून नेतो, आणतो. या वेळी त्याला रजा नव्हती. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. आईनं बघितलंच नाही. सकाळी भाकरी केल्या, पिशवीत पासबुक आणि आधार कार्ड घातलं आणि एस.टी.त बसली. (२०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, हेही तिनं फोनवर अभिमानानं सांगितलं.)

बँकेत बोट यंत्रावर ठेवायला सांगितलं. ठसा काही उमटेना. एकाहत्तर वर्षांची बोटं, भांडी घासून आणि शेंगा फोडून रेषा राहिल्यात कुठं? तिथला माणूस म्हणाला, “आजी, मुलाला घेऊन या.” आई म्हणाली, “मुलगा आला म्हणजे माझ्या बोटावर रेषा उगवतील का? मी समोर उभी आहे, बोलतीय. जिवंत आहे हे दिसतंय ना तुम्हाला?” मग त्यानं कागदी यादी काढली. आईनं तिच्या नावासमोर सही केली आणि दुपारच्या गाडीनं ती घरी आली.

हे सगळं ऐकून माझ्या तोंडून पटकन गेलं, “शाब्बास आई!”

पलीकडं एकदम शांत. मला वाटलं फोन कट झाला. मग आवाज आला, “मला शाबास म्हणतीस व्हय गं? मी काय शाळेत हाय?”

ती रागावली नव्हती. पण मी काहीतरी चुकीचं बोलले, हे मलाही जाणवलं. कसं ते मात्र कळेना. म्हणून मग या एका शब्दाच्या मागं लागले.

शाबास आपल्याकडं फारसीतून आला. ‘शाद’ म्हणजे आनंदी आणि ‘बाश’ म्हणजे हो, राहा. शाद बाश, आनंदी राहा! घाईघाईत बोलताना मधला ‘द’ गळून गेला. लग्नाला हिंदीत ‘शादी’ म्हणतात ना, तीही याच ‘शाद’ची लेक. फारसीत शादी म्हणजे नुसता आनंद. (लग्नानंतर अर्थ कसा बदलला, ते तुमचं तुम्ही ठरवा!) कवी माधव जूलियन फारसीचे जाणकार होते. त्यांनी केलेला फार्सी-मराठी कोश १९२५ साली निघाला. तो चाळला की आपल्या घरात किती फारसी नांदतेय ते कळतं. दरवाजा, जमीन, पोशाख, मेहनत, सगळे तिकडचे पाहुणे. शिवाजी महाराजांनी दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पण शाबास काही दरबारातला शब्द राहिला नव्हता. तो आखाड्यात, शेतात, चुलीपाशी येऊन बसला होता. आपल्याकडंच कशाला? दक्षिणेत तमिळमध्येसुद्धा ‘सबाश’ म्हणतात.

गंमत म्हणजे खुद्द इराणमध्ये आज कौतुक करायला ‘आफरीन’ म्हणतात, आणि लग्नात नाचणाऱ्यांवर जे पैसे उधळतात त्याला म्हणतात ‘शाबाश’. आपल्या तमाशातल्या दौलतजादासारखंच!

म्हणजे मूळ शब्दात ‘तू छान केलंस’ हे कुठंच नाही. आहे तो आशीर्वाद. मार्क देणं वगैरे आपण मागाहून चिकटवलं.

आता घरातला शाबास बघा. एक ‘ब’ वाला शाबास जरा सौम्य, वहीत लिहायचा. दोन ‘ब’ वाला शाब्बास तोंडानं म्हणायचा, तोही पाठीवर थाप मारून. ‘शाबासकी’ मिळते, ‘शाबास रे पठ्ठ्या’ कुस्तीच्या मैदानात ऐकू येतं. पठ्ठ्याचं स्त्रीलिंग आहे हो, पठ्ठी. पण ते आपण कधी वापरतो? ‘ती पठ्ठी ऐकेल तर शपथ!’ असं. मैदानातला पठ्ठ्या शूर आणि घरातली पठ्ठी हट्टी. आणि दूध उतू गेलं, की तोच शब्द सूर बदलून येतो, “शाब्बास! एवढंच राहिलं होतं!” माझ्या अंदाजानं लग्न झालेल्या बाईच्या वाट्याला येणारे निम्मे शाब्बास या जातीचे असतात. तुम्हीच मोजून बघा.

लहानपणी उन्हाळ्यात अण्णा दादाला विहिरीत पोहायला शिकवायचे. पाठीला रिकामा डबा बांधलेला, दादा हातपाय झाडतोय, आणि अण्णा पाण्यातून ओरडतायत, “शाब्बास! अजून मार हात! शाब्बास!” तेव्हा कळायचं की शाबास काम झाल्यावरच म्हणायचं असतं असं नाही. बुडायच्या आधीही म्हणायचं असतं, त्यानं माणूस तरंगतो. मी काठावर दोघांचे कपडे धरून बसायचे. मला पोहता येत नाही, अजूनही.

अण्णांची लाल शाई आमच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध. कितीतरी पोरांच्या वह्यांत त्यांनी ‘शाब्बास’ लिहिलं असेल. पाटीवर पहिल्यांदा ‘ग’ काढणाऱ्या पोरालासुद्धा ते मनापासून शाबासकी द्यायचे. आईला मात्र म्हणताना मी ऐकलं नाही. ‘आज आमटी बरी झालीय’ ही तिची सर्वांत मोठी शाबासकी. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्या काळी बायकोला शाबास म्हणायची रीतच नव्हती. पण रीत नव्हती म्हणून आईला ते नको होतं, असं थोडंच आहे?

आणि इथंच ती अडचण लक्षात आली. शाबास पाण्यासारखा आहे, वरून खालीच वाहतो. मोठ्यानं धाकट्याला म्हणायचं. सासू सुनेला म्हणू शकते (म्हणते का, हा प्रश्न वेगळा!), सून सासूला नाही. आपण आपल्या बाईंना शाबास म्हटलं असतं तर वर्गाबाहेर उभं राहावं लागलं असतं. मोठ्यांना म्हणायचं ते ‘कमाल आहे तुमची’, ‘धन्य आहे’. पण ‘धन्य आहे बाई तुझी’ म्हणजे काय ते आपल्याला ठाऊकच आहे! मग एकाहत्तर वर्षांच्या बाईला शाबास म्हणणार कोण? आईवडील गेले, सासूसासरे गेले, अण्णा गेले. वर कुणी उरलंच नाही. आपलं आपण म्हणावं, तर लगेच लोक म्हणतात, स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतेय.

क्रिकेटपटू मिताली राजवर २०२२ मध्ये आलेल्या हिंदी सिनेमाचं नाव ‘शाबाश मिठू’ होतं. एका बाईच्या नावाआधी हा शब्द पोस्टरवर एवढा मोठा लिहिलेला बघून छान वाटलं होतं. पण त्यासाठी तिला तेवीस वर्षं देशाकडून खेळावं लागलं.

दुसऱ्यांचं कशाला, माझंच सांगते. माझ्या मुलानं बारावीच्या सुट्टीत एकदा चहा केला. साखर जास्त, चहापत्ती कमी. तरी मी शाब्बास शाब्बास म्हणत घर डोक्यावर घेतलं, बहिणीला फोन करून सांगितलं. मुलगी ओट्याशी पोळ्या लाटत होती. तिनं मान वळवून माझ्याकडं एकदा पाहिलं आणि परत लाटायला लागली. ते पाहणं मला अजून आठवतं. तिच्याशी यावर कधी बोलले नाही. हा लेख ती वाचेलच.

संक्रांतीला माहेरी गेले होते. तिळगूळ द्यायला शेजारच्या काकू आल्या आणि बसता बसता म्हणाल्या, “काय गं, आईला शाबासकी दिलीस म्हणे! सगळ्या आळीला सांगितलंय तिनं.” आई पाठमोरी होती. वळली नाही. डब्यातले लाडू उगाचच पुन्हा मोजायला लागली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला शाद बाशची गोष्ट सांगितली. अर्थ ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आनंदी राहा, एवढंच व्हय? तुझ्या अण्णांना ठाऊक असंल का गं हे?”

“असेल की. त्यांना असल्या शब्दांची भारी आवड.”

“मग एवढं म्हणायला काय झालं होतं…” असं म्हणून तिनं कूस बदलली. झोप लागली असं वाटत होतं, तेवढ्यात अंधारातून आवाज आला, “पुढच्या नोव्हेंबरात दादाला रजा काढू नको म्हणावं. गाडी सव्वानऊची आहे. मी जाते.”