गाडी मिसिंग मारतेय? कॉइल बदलण्याआधी हे ऐका

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांनी सेकंड हँड टर्बो पेट्रोल गाडी घेतली, तिला रीमॅप मारला, आणि आता चढावर पाय दाबला की गाडी झटके खाते. इनबॉक्समध्ये सध्या सगळ्यात जास्त हाच प्रश्न पडलाय. म्हणून ऐकताना कोड लिहून घ्यायची धावपळ नको, सगळं इथे उतरवून ठेवतोय.

माझ्याच गाडीची केस घेऊ. चार सिलिंडर, १.२ लिटर, डायरेक्ट इंजेक्शन, वर स्टेज वन रीमॅप. शहरात लोण्यासारखी चालायची. खंबाटकी चढताना मात्र तिसऱ्या गिअरला, तीन हजार आरपीएमच्या पुढे, बूस्ट भरला की ढुक ढुक सुरू. एका गॅरेजने एस्टिमेट दिलं: चार कॉइल, चार प्लग, इंजेक्टरचं काम, सगळे मिळून ३८ हजार. मी विचारलं, नेमकं काय खराब आहे? उत्तर आलं, "बदलून बघू ना." माझ्या पैशांनी बघायचं होतं, म्हणून मी गाडी घेऊन घरी आलो.

आधी एक गोष्ट, जिथे काटकसर करायची नाही. चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला तर सावकाश घरी जाता येतं. तो लुकलुकत असेल तर पाय उचला आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं, आतली जाळी वितळते, आणि मग जो खर्च येतो त्यापुढे चार कॉइल म्हणजे चणे-फुटाणे.

आता हत्यारं. ब्लूटूथवाला ओबीडी अ‍ॅडॅप्टर, फोनवर अ‍ॅप, प्लगचा पाना आणि फीलर गेज. अ‍ॅडॅप्टर साधारण हजाराच्या आत येतो. गेज कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळेल, मी पुण्यात नाना पेठेतून घेतला.

कोड वाचा. पी०३०० म्हणजे मिसफायर होतोय, पण एका ठरावीक सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. मला पी०३०२ आला, म्हणजे दोन नंबर. कोड लगेच पुसू नका! त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम असते: कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, कूलंट किती गरम. तिचा स्क्रीनशॉट घ्या. माझ्याकडे ३,४०० आरपीएम, लोड भरपूर, इंजिन पूर्ण गरम. म्हणजे त्रास फक्त बूस्टखाली. हेच सकाळी थंड इंजिनवर, आयडलला होत असतं तर मी दुसरीकडे पाहिलं असतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि कार्बन साचतो. त्याची पहिली तक्रार बहुतेकदा थंड स्टार्टलाच येते.

मग अदलाबदल, ज्याला एक रुपयाही लागत नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढायला गेलात तर आटे जाऊ शकतात. कॉइलच्या कनेक्टरची क्लिपही जपून, जुनं प्लास्टिक पटकन तुटतं. मी दोन नंबरची कॉइल तीनवर बसवली आणि दोनचा प्लग चारवर. इंजेक्टर जागच्या जागी. कोड पुसला आणि तोच चढ पुन्हा चढलो, शेजारी बसलेल्या मित्राच्या हातात फोन देऊन. चालवता चालवता स्क्रीन बघायची नाही, घाटात तर अजिबात नाही. आता पी०३०३ आला तर कॉइल, पी०३०४ आला तर प्लग. पी०३०२ तसाच राहिला तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन.

आला पी०३०४.

प्लग काढून गॅप मोजला. मॅन्युअलमध्ये ०.७ मिलिमीटर, त्या प्लगला ०.९५. बाकीचे तीन ०.८५ च्या आसपास, म्हणजे तेही वाटेवरच होते. लोक म्हणतात बूस्टच्या वाऱ्याने ठिणगी विझते. ऐकायला छान आहे, पण खरं कारण वेगळं. सिलिंडरमधला दाब वाढला की तेवढाच गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. रीमॅपने बूस्ट वाढवला, झिजेने गॅप वाढवला, आणि कॉइलची ताकद होती तेवढीच. शहरात दाब कमी, म्हणून ठिणगी पडते. घाटात पडत नाही. म्हणूनच ट्यून केलेल्या गाड्यांना गॅप थोडा कमी ठेवतात आणि हीट रेंजमध्ये एक पायरी थंड प्लग घेतात. मी चार नवे घेतले, गॅप ०.६५ केला, खर्च २,४०० रुपये. इरिडियम प्लग असेल तर मधल्या बारीक टोकाला टेकू देऊन गॅप वाकवू नका, ते टोक मोडतं.

प्लग आणि कॉइल निर्दोष निघाले तर पुढे हवा. इंटरकूलरच्या पाइपांचे क्लॅम्प हाताने हलवून बघा, जोडापाशी तेलाचा ओलसर डाग दिसतो का ते बघा. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत मोजलेली हवा पुढे गळली की मिश्रण रिच होतं, एक्झॉस्टमधून काळा धूर येतो. फ्युएल ट्रिम दहा टक्क्यांच्या वर किंवा खाली अडकून बसला असेल तर कारण शोधा.

मग पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला एका भागाला हवा साधारण १४.७ भाग लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन. रीमॅप जुन्या पेट्रोलवर केलेला असेल तर फुल बूस्टला फ्युएल रेलचा मागितलेला दाब आणि मिळालेला दाब लॉगमध्ये शेजारी शेजारी ठेवा. मिळालेला खाली घसरत असेल तर पंपाकडे वळा. आणि एक गंमत: ईसीयू मिसफायर ओळखतो क्रँकच्या फिरण्यातल्या हिसक्यांवरून. हलकं फ्लायव्हील बसवलं असेल किंवा रस्ता खड्ड्यांचा असेल तर खोटा मिसफायरही दिसू शकतो. आपल्या रस्त्यांवर हे लक्षात ठेवाच.

तरीही कोड त्याच सिलिंडरवर ठाण मांडून असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट. गेज भाड्याने किंवा ओळखीच्या मेस्त्रीकडून मिळतो. इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही सिलिंडर सारखेच फिरवा. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर त्या इंजिनावर नवे पार्ट लावायचे थांबवा, मॅप स्टॉकवर आणा आणि मगच इंजिन उघडायचं की गाडी विकायची ते ठरवा. विकताना रिपोर्ट घेणाऱ्याला दाखवा.

तुमच्या गाडीचे लॉग पाठवताना फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट आणि चारही प्लगचे फोटो जोडा, सिलिंडरचा नंबर लिहून. नुसतं "भाऊ, गाडी झटके मारते" यावर मी काय सांगणार!