अडीच विती जिताडा

डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या खाडीवर, माणकोलीच्या नव्या पुलाच्या सावलीत, रविवारी सकाळी भरतीच्या वेळेला पाच-दहा माणसं गरवायला बसलेली असतात. कुणाकडे रीळ लावलेली महागडी काठी, कुणाकडे नुसता बांबू, कुणी दोरा बोटालाच गुंडाळलेला. आमिषाला कोलंबी. आठवडाभर लोकलमध्ये एकमेकांच्या अंगावर रेलून प्रवास करणारी ही माणसं इथे मात्र चार हातांचं अंतर राखून गप्प बसतात.

परवा त्यांतल्या एका काकांच्या गळाला जिताडा लागला. वीत लावली तर दीड वीत. पिशवीत टाकता टाकता काका स्वतःशीच पुटपुटले, "पोर आहे अजून."

पोर होतंच. पण हे पोर खाडीत राहिलं असतं तर आधी बाप झालं असतं आणि नंतर आई!

यात अतिशयोक्ती काही नाही. जिताडा जन्मभर एका लिंगाचा राहत नाही. साधारण तीन-चार वर्षांचा झाला की तो वयात येतो, तो नर म्हणून. काही हंगाम नर म्हणून काढतो. मग सहा-आठ वर्षांच्या सुमाराला, एका विणीच्या हंगामानंतर, त्याच्या पोटातली नराची ग्रंथी विरत जाते आणि तिथेच अंडाशय तयार होतं. पुढच्या हंगामात तोच मासा मादी म्हणून अंडी घालतो. म्हणजे छोटे जिताडे जवळजवळ सगळे नर आणि थोराड जिताडे जवळजवळ सगळ्या माद्या. बाजारात मोठ्या जिताड्याच्या पोटात हमखास गाबोळी निघते ती याचमुळे.

त्याचं घरही असंच बदलतं. वीण खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं मात्र भरतीबरोबर आत शिरतात, खाजणांत, कांदळवनांत, पावसाळ्यात पार भातखाचरांपर्यंत. आपल्याकडे ही वाट वसईहून निघते. समुद्राचं पाणी घोडबंदरला वळसा घालून उल्हास नदीच्या पात्रातून डोंबिवलीला आणि पुढे कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली पोचतं. दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी जहाजं कल्याण बंदरात आली ती याच पाण्यावरून. काकांच्या पिशवीतलं पोर त्याच वाटेने आलं असणार. खाचरात शिरलेली ही पिल्लं तळ्यात पोसायची कला पेण-अलिबागकडच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या येते. सरकारी काम अडलं की साहेबाच्या घरी जिताडा पोचवायचा, हा तिकडचा जुना विनोद आहे. म्हणजे विनोद म्हणून सांगतात, एवढंच.

आता ऑस्ट्रेलियात चला. तिथे जिताड्याला बारामंडी म्हणतात आणि हौशी गळकऱ्यांचा तो लाडका मासा आहे. क्वीन्सलंड राज्यात बारामंडी धरला की आधी मोजपट्टी लावायची. ५८ सेंटिमीटरच्या आतला असला तर सोडून द्यायचा. हे आपल्याला पटतं, पोर आहे म्हणून. पण १२० सेंटिमीटरच्या वरचा लागला तरीही सोडून द्यायचा! तासभर झुंजून आयुष्यातला सर्वांत मोठा मासा काठाशी आणायचा, फोटो काढायचा आणि हात हलवत घरी जायचं. गळकऱ्याच्या जिवाला काय वाटत असेल याची कल्पना मला आहे.

आपल्या मापात सांगायचं तर अडीच वितींपासून सव्वापाच वितींपर्यंतचा मासा तुमचा, बाकीचा नदीचा. आकडे ऐकायला कचेरीतल्या बाबूने ठरवल्यासारखे वाटतात. पण जिताड्याची जन्मकथा माहीत असली की तेच आकडे वाचता येतात. खालची मर्यादा सांगते, याला निदान एकदा बाप होऊ दे. वरची सांगते, ही आता आई आहे, हिला हात लावू नकोस.

एक मोठी मादी वाचवून असा काय फरक पडतो? प्रचंड पडतो. थोराड जिताडीच्या पोटातली अंडी कोटींच्या हिशेबात मोजावी लागतात. आपला समज असा की दुप्पट वजनाच्या मादीला दुप्पट अंडी. निसर्गाचं त्रैराशिक तसं चालत नाही. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात अटलांटिकमधल्या कॉड माशाचं उदाहरण आहे. दोन-दोन किलोच्या २८ माद्या एकत्र केल्या, म्हणजे ५६ किलो मासे, तरी त्यांच्या अंड्यांची बेरीज ३० किलोच्या एकट्या मादीपेक्षा कमी भरते. हे वाचल्यावर मी बाजारातल्या मोठ्या माशाकडे पूर्वीच्या नजरेने बघू शकलेलो नाही. खातो, पण चुळबुळत.

म्हणजे जगातल्या सगळ्या माशांना जिताड्याचा नियम लावला की झालं? नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. आपल्या किनाऱ्यावर खडपात राहणारा हेकरू घ्या, मालवणकडे ज्याला गोबरा म्हणतात. त्याचं बरोबर उलटं. तो जन्माला येतो मादी म्हणून आणि मोठा झाल्यावर नर होतो. तिथे मोठेमोठे मासे वेचून नेले तर खडपात माद्या भरपूर राहतात आणि त्यांना जोडीदार उरत नाही. त्याची मोजपट्टी वेगळी हवी.

आणि काही मासे तर मोजपट्टीलाच दाद देत नाहीत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे रॉकफिश हे तिथले खडपातले रहिवासी. अंडी न घालता जिवंत पिल्लं देणारे आणि कमालीचे दीर्घायुषी. त्यांतल्या रफआय नावाच्या जातीचा एक मासा २०५ वर्षांचा निघाला होता. पेशवाई बुडाली त्या सुमाराला जन्मलेला मासा एकविसाव्या शतकात पोहत असू शकतो! असा मासा खोलातून वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. चाळीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या पाचपट असतो. वर येताना तीच हवा पाचपट जागा मागते. डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून बाहेर ढकललं जातं. लहान आहे म्हणून सोडावा तर तो बुडूच शकत नाही, फुग्यासारखा तरंगत राहतो आणि पक्षी टिपून नेतात. म्हणून तिथले गळकरी वजन बांधलेला चिमटा जवळ ठेवतात. माशाच्या ओठाला तो लावून त्याला पुन्हा खोल पोचवायचं आणि तिथे सोडायचं.

कॅलिफोर्नियात हौशी गळकऱ्याला दिवसाला सगळ्या जातींचे मिळून दहा रॉकफिश, असा साधारण नियम आहे. पण गळ जात बघून लागत नाही. भरपूर असलेल्या दहा जातींमध्ये एखादी दुबळी जात मिसळून राहत असेल तर तीही अडकते. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात नेमकं हेच झालं. क्विलबॅक नावाच्या एका जातीची अवस्था बिकट झाली आणि किनाऱ्याजवळची रॉकफिशची गळमासेमारी ऐन हंगामात थांबवावी लागली. ज्यांनी क्विलबॅक कधी धरलाही नसेल त्यांच्याही काठ्या भिंतीला टेकल्या. लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं मला समजतं.

आपल्याकडची मर्यादा पूर्वापार पंचांगातली. कोळी नारळी पौर्णिमेला नारळ सोडतो तेव्हा समुद्र उघडतो. आज कायद्याने १ जून ते ३१ जुलै अशी यांत्रिक होड्यांना बंदी असते. वितीही आता आल्या आहेत. केरळने २०१५ मध्ये सुरुवात केली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले. पापलेट १३५ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडं जास्त. बोंबील १८० मिलिमीटर, वितीला तीन बोटं कमी. त्याच वर्षी पापलेट राज्याचा मासा ठरला, हेही योग्यच.

पण या साऱ्याचा रोख होड्या, जाळी आणि बाजार यांच्यावर आहे. मोठागावच्या काकांकडे कुणी मोजपट्टी घेऊन येत नाही. आणि वलगण? मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की बदलापूर, मुरबाड, शहापूरच्या ओहोळांतून मासे उलट्या धारेने खाचरांकडे चढतात, गाबोळीने टम्म फुगलेले. गावंच्या गावं टोपल्या, पाग घेऊन धावतात. रात्री बॅटऱ्यांचे झोत आणि आरडाओरडा, सकाळी घराघरात कालवण. वलगणीच्या माशाची चव मी नाकारणार नाही. पण समुद्रात ज्या कारणाने, म्हणजे विणीसाठी, होड्या नांगरून ठेवतो, त्याच कारणाने, त्याच जूनमध्ये हे मासे वर चढत असतात.

गळकऱ्याच्या एका पिशवीने खाडी ओस पडली असं म्हणणं अन्यायाचं होईल. उल्हास आणि वालधुनी या नद्यांत जे सांडपाणी सोडलं जातं त्यापुढे काकांचा दीड वितींचा जिताडा म्हणजे काहीच नाही. तरीही जिताडा अजून मोठागावपर्यंत येतो, याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं.

तर जिताडा गरवायला जाल तेव्हा काठीवर दोन खुणा करून ठेवा, एक अडीच वितींवर, दुसरी सव्वापाचवर. मधला मासा खुशाल घरी न्या. खालचा किंवा वरचा लागला तर आधी हात पाण्यात बुडवा, मगच त्याला धरा. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर चिकटून येतो, आणि रोगापासून त्याला वाचवतो तो थरच.