आधी काम ठरवा, मग संगणक

आम्हाला नेहमी विचारतात, घरचा संगणक जुना झालाय, आता कोणता घेऊ? आम्ही उलट विचारतो, त्यावर करणार काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. ती नाही म्हणून चांगली चालणारी मशीनंही बाद ठरली. पण बाद म्हणजे भंगार नव्हे. हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा, शक्य असेल तर रॅम ८ जीबी करा. मग लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. विंडोज तसंच राहतं. वायफाय लागतं का, प्रिंटर चालतो का, मराठी टाइप होतं का, हे तासाभरात कळतं. इंटरनेट, पत्रव्यवहार, व्हिडिओ एवढंच असेल, तर नव्या मशीनचा खर्च वाचला.

टॅलीवर हिशेब किंवा श्रीलिपीतल्या जुन्या फायली असतील, तर मात्र विंडोजच घ्या. तिथं हट्ट नको.

आणि काहीही ठरवलंत तरी आधी फोटो-कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. संगणक दुसरा मिळेल, घरातले फोटो पुन्हा मिळणार नाहीत.