वर्ग सगळ्यांना खुला, पण शंकेला उत्तर कोण देणार?

2020 च्या ऑगस्टमध्ये देशभरातली कॉलेजं बंद होती आणि प्राध्यापक मंडळी लॅपटॉपसमोर बसून ‘आवाज येतोय का?’ विचारत होती. त्याच महिन्यात आयआयटी इंदूरने एक जगावेगळा वर्ग भरवला. विषय भारतातले जुने विज्ञानग्रंथ, माध्यम संस्कृत. 22 ऑगस्ट ते 2 ऑक्टोबर, 62 तास, सगळं ऑनलाइन. साडेसातशेच्या वर लोक आले. संस्थेच्या सिमरोलच्या कॅम्पसवर इतक्यांना एकत्र बसवायचं तर मांडवच घालावा लागला असता.

या वर्गातलं खरं शहाणपण मला त्याच्या मांडणीत दिसतं. संस्कृत न येणाऱ्यांसाठी आधी भाषेचा भाग, मग त्याच भाषेत गणित-विज्ञानाची चर्चा. कॉलेजात गुणपत्रिका दारातच चाळणी लावते. खुल्या वर्गात निवृत्त इंजिनिअर, शास्त्रीबुवा आणि बी.एस्सी.ची मुलगी एकाच यादीत असू शकतात. अशा वेळी दार अरुंद करण्यापेक्षा आत एक पायरी बांधणं बरं.

इंदूरला घरबसल्या विद्यापीठ तसं जुनंच. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ 15 ऑगस्ट 1984 रोजी दूरदर्शनवर सुरू झाला. इंदूरच्याच देवी अहिल्या विद्यापीठातलं माध्यम केंद्र त्याच परंपरेतलं. आता तिथं ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचासाठी अभ्यासक्रम तयार होतात. 9 जुलै 2017 रोजी सुरू झालेल्या स्वयमवर अभ्यासक्रमाला चार अंगं लागतात: व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वाध्याय-चाचण्या आणि शंकाचर्चा. पहिल्या तिन्हींसाठी कॅमेरा, दिवे, संपादक असा फौजफाटा लागतो, आणि तो उभा राहतोही. चौथं अंग मात्र नेहमी उपाशी. व्हिडिओ एकदा केला की वर्षानुवर्षं चालतो. शंकेला दर सत्रात नवं, जिवंत माणूसच लागतं आणि त्याचा पगारही दर सत्रात द्यावा लागतो.

गळतीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. 2011 मध्ये सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग जगाला खुला केला. सुमारे 1,60,000 नावं आली. शेवटपर्यंत टिकले साधारण 23,000. टक्केवारी काढून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं बघावं, की 23,000 विद्यार्थी एरवी एका शिक्षकाच्या वाट्याला उभ्या जन्मात येत नाहीत. आणि ते टिकले त्यामागे दर आठवड्याच्या गृहपाठाची मुदत होती. नुसती व्याख्यानं ठेवून दिली की लोक ‘नंतर बघू’ म्हणतात, आणि ते नंतर कधी येत नाही.

आपल्याकडे हे एनपीटेलने ओळखलं. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा हा उपक्रम 2003 मध्ये सुरू झाला तेव्हा भर व्याख्यानांवर होता. 2014 पासून प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम आले. शिकणं फुकट, परीक्षेला शुल्क. स्वाध्यायांना 25 टक्के, केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला 75 टक्के. हे प्रमाण मला रास्त वाटतं. अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेता येतात. श्रेयांक मिळणार म्हटल्यावर स्वाध्यायाची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारच. ती केंद्रावरल्या परीक्षेत कामाला येत नाहीत.

राहिला खर्च. त्याचं उत्तर एका जुन्या शिलालेखात सापडतं. चाळीसगावजवळच्या पाटणचा हा शिलालेख संशोधक भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने 1207 च्या सुमारास मठ काढला, त्याची ती नोंद. त्यातल्या जुन्या मराठी ओळींत मठाला कुणी काय द्यायचं ते ठरवलंय; अगदी दर घाण्यामागे पळीभर तेलसुद्धा. विद्यार्थ्याकडून पैसे न घेता शिकवायचं तर ते कुठून येणार, हे त्या मंडळींनी दगडात कोरून ठेवलं. आज व्हिडिओसाठी अनुदान मिळतं. शंका सोडवणाऱ्या साहाय्यकासाठी तशीच कायमची तरतूद विद्यापीठांनी करायला हवी.

स्वयमवर नावनोंदणीला पैसे पडत नाहीत. नाव घालाल तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक शंका विचारा. उत्तर यायला किती दिवस लागतात, त्यावरून अभ्यासक्रमाची परीक्षा तुम्हीच घ्या.