बाजार हवा, गर्दी नको

मी राहते त्या नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून मास्ट्रिख्ट रेल्वेने तासाभरावर. युरोपीय संघाच्या करारावर 1992 मध्ये सह्या झाल्या त्या तिथेच. आणि 1 जून 2005 रोजी युरोपच्या राज्यघटनेवर सार्वमत झालं, तेव्हा याच देशातल्या 61.5 टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हणून टाकलं. पुण्याहून येणारे पाहुणे विचारतात, हे लोक युरोपला कंटाळलेत का? मला तसं वाटत नाही. रॉटरडॅम बंदरात उतरलेला माल विनाअडथळा जर्मनीत जातो, त्यावर या देशाचं पोट आहे, आणि हे इथल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. म्हणून तर स्थलांतरविरोधी नेते गीर्ट विल्डर्सनी 2024 च्या युरोपीय निवडणुकीच्या जाहीरनाम्यातून संघाबाहेर पडण्याची मागणी गुपचूप वगळली. डच माणसाला खुपतात त्या दोन गोष्टी : दुसऱ्याचं बिल भरणं आणि आपल्या घरचा निर्णय बाहेर होणं.

बिलाचं उदाहरण 2020 मधलं. करोनाच्या काळात एका सफाई कामगाराने पंतप्रधान मार्क रुटेंना ओरडून सांगितलं, इटली-स्पेनवाल्यांना पैसे देऊ नका. रुटेंनी हसत अंगठा उंचावला. त्याच जुलैत 750 अब्ज युरोंचा मदतनिधी मंजूर झालाच, पण त्याआधी त्यांनी बाकीच्या देशांच्या नेत्यांना चार रात्री जागवलं.

दुसरं दुखणं स्थलांतराचं. शेजारचे निवृत्त इलेक्ट्रिशियन काका माझी सायकल न सांगता दुरुस्त करून ठेवतात. नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांनी विल्डर्सच्या पक्षाला मत दिलं, 150 पैकी 37 जागा जिंकणाऱ्या त्या पक्षाला. कुंपणापलीकडून मला सांगितलं आणि लगेच जोडलं, “तुमच्याबद्दल नाही हं ते.” मग कोणाबद्दल? बोलता बोलता विषय आला मुलीच्या घराचा. तिशी उलटली तरी ती आईवडिलांकडेच राहते. स्वस्त भाड्याच्या घरांची यादी वर्षानुवर्षं पुढे सरकत नाही. 2022 च्या उन्हाळ्यात टेर आपेलच्या छावणीबाहेर आश्रय मागायला आलेली माणसं गवतावर झोपत होती. सरकारने पुरेशी घरंही बांधली नव्हती आणि छावण्याही. पण काकांना त्यात दिसली ती फक्त गर्दी. आश्रितांच्या कुटुंबीयांना येऊ देण्यावरूनच जुलै 2023 मध्ये रुटेंचं सरकार पडलं, आणि आश्रयाच्याच मुद्द्यावर जून 2025 मध्ये विल्डर्सनी आपण बसवलेलं सरकारही पाडलं.

यातली खरी गोम मतपत्रिकेवर दिसत नाही. काचघरांत टोमॅटो तोडणारे, कत्तलखान्यांत राबणारे पोलिश आणि रुमानियन कामगार युरोपीय नागरिक. त्यांना हेगमधलं डच सरकार अडवू शकत नाही. आश्रयाचे नियमही संघाच्या कायद्याने बांधलेले. सप्टेंबर 2024 मध्ये तेव्हाच्या स्थलांतरमंत्री मारयोलाइन फाबर यांनी ब्रुसेल्सला पत्र लिहून त्यातून सूट मागितली. पण त्यासाठी मूळ करारच बदलावे लागतात, आणि ते सगळ्या सदस्य देशांच्या संमतीशिवाय होत नाही. उरलो कोण? कुशल कामगारांच्या व्हिसावर आलेले आम्ही. कात्री चालवायला तेवढेच हाताशी.

ती चाललीही. परदेशी तज्ज्ञांच्या पगाराचा 30 टक्के भाग पाच वर्षं करमुक्त असे. ऑक्टोबर 2023 मध्ये संसदेने हा हिस्सा टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर आणायचं ठरवलं. आमच्या शेजारच्या वेल्डहोवनमध्ये एएसएमएल ही चिप बनवायची यंत्रं तयार करणारी कंपनी आहे; तिच्या इथल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के परदेशी. माणसं मिळाली नाहीत तर वाढ दुसरीकडे करू, असा सूर कंपनीने लावला आणि हेगमध्ये धावपळ उडाली. मार्च 2024 मध्ये आइंडहोवन परिसरासाठी अडीच अब्ज युरो जाहीर झाले, पुढे करसवलतही 2027 पासून सरसकट 27 टक्के ठरली. त्या अडीच अब्जांत घरबांधणीचेही पैसे आहेत. काकांच्या मुलीचं नाव त्या घरांच्या यादीत लागलं, तर तो प्रताप विल्डर्सचा नव्हे, परदेशी इंजिनियरांच्या गरजेचा असेल. हे मी अजून काकांना बोलून दाखवलेलं नाही.